वाचकांचे प्रश्न : जुन्या पेडल स्टील गिटारच्या तारा, पेडले आणि सूर

या सदराकडे गेल्या काही महिन्यांत पेडल स्टील गिटारविषयी बरीच पत्रे आली, म्हणून या वेळची सगळी जागा त्याच एका वाद्याला दिली आहे. ज्यांनी हे वाद्य पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे आधी सांगतो. आपल्याकडे जिला हवाईयन गिटार म्हणतात तिचीच ही अमेरिकेत वाढलेली पुढची पिढी आहे. ती मांडीवर घेत नाहीत, टेबलासारखी तिच्याच पायांवर उभी करतात. तारा आठ, दहा किंवा बारा असतात. डाव्या हातात पोलादी दांडी असते, उजव्या हातात नख्या असतात, पायाखाली पेडले आणि गुडघ्यांशी लिव्हर असतात. पेडल दाबले की ठरलेल्या एकदोन तारांचाच सूर, तार वाजत असतानाच, ठरलेल्या अंतराने चढतो किंवा उतरतो, आणि बाकीच्या तारा जागच्या जागी राहतात. कोणती तार कोणत्या सुरात आणि कोणते पेडल काय करते, या सबंध मांडणीला तिथले वादक ‘कोपेडंट’ म्हणतात. हा शब्द कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गट), पेडल आणि अरेंजमेंट या तीन शब्दांच्या तुकड्यांपासून घडवला आहे.

प्रश्न : मी वडिलांची सहा तारांची हवाईयन गिटार वाजवते. माझ्या भावाने अमेरिकेतून १९७०च्या दशकातली दहा तारांची पेडल स्टील आणली आहे. तिची तिसरी तार पहिल्या दोन तारांपेक्षा पातळ आहे आणि तिचा सूरही त्यांच्याहून चढा आहे. आधीच्या मालकाने तारा चुकीच्या क्रमाने बसवल्या असतील का? (पुणे)

उत्तर : तारा बरोबर आहेत, कृपया हलवू नका. ही ‘ई नाइन्थ’ किंवा नॅशव्हिल जुळणी आहे आणि तिच्यात तारांचा क्रम खरोखरच असा वाकडा आहे. आपल्यापासून सर्वांत दूरच्या तारेकडून मोजत आलो तर सूर असे येतात : एफ शार्प, डी शार्प, जी शार्प, ई, बी, जी शार्प, एफ शार्प, ई, डी, बी. ‘ई’ला सा मानले की हेच आपल्या भाषेत रे, नी, ग, सा, प, ग, रे, सा, कोमल नी, प असे होते. यांतला दुसऱ्या तारेचा नी चौथ्या तारेच्या सा-च्या लगेच खाली आहे आणि पहिल्या तारेचा रे त्याच सा-च्या लगेच वर आहे. त्यामुळे सर्वांत चढी तार तिसरी, म्हणजे ग-ची, ठरते.

हा वाकडेपणा इतिहासातून आला आहे. अमेरिकन वादक बड आयझॅक्स यांनी कॅलिफोर्नियातले कारागीर पॉल बिग्सबी यांच्याकडून १९५२मध्ये पेडलांची गिटार करून घेतली आणि गायक वेब पियर्स यांच्या १९५४मध्ये गाजलेल्या ‘स्लोली’ या गाण्यात तार वाजत असतानाच पेडल दाबले. पेडले त्याआधीही होती, पण ती मुख्यतः एका जुळणीतून दुसरीत जाण्यासाठी वापरली जात. आयझॅक्स यांच्या वाद्याला आठ तारा होत्या आणि त्यांचे एकच पेडल प-ला ध करी आणि त्याच वेळी ग-ला म करी. पुढे वादक बडी एमन्स यांनी ही दोन कामे दोन पेडलांत विभागली. १९६२मध्ये त्यांनीच रे आणि नी या दोन तारा वाढवल्या, म्हणजे दांडी न हलवता सप्तकातले लगतचे सूर हाती येऊ लागले. या दोन्ही तारा बाहेरच्या बाजूला बसवल्याने आतल्या तारांवर बसलेली बोटांची सवय मोडावी लागली नाही. क्रम दिसायला विचित्र झाला, पण वादकांना नव्याने शिकावे लागले नाही, आणि माझ्या मते हाच हिशेब शहाणपणाचा होता.

आता पेडले. ‘ए’ पेडल पाचव्या आणि दहाव्या तारेचा प चढवून ध करते. ‘बी’ पेडल तिसऱ्या आणि सहाव्या तारेचा ग चढवून म करते. ‘सी’ पेडल चौथ्या तारेचा सा चढवून रे करते आणि सोबत पाचव्या तारेचा प चढवून ध करते. ए आणि बी एकत्र दाबले की दांडी तसूभरही न हलवता सा-ग-प चे सा-म-ध होते, आणि या वाद्याची जी ओळखीची हुंदक्यासारखी हरकत आहे ती इथूनच निघते. गुडघ्याच्या लिव्हरपैकी एक चौथ्या आणि आठव्या तारेचा सा उतरवून शुद्ध नी करतो आणि दुसरा त्याच तारांचा सा चढवून कोमल रे करतो. आणखी एक लिव्हर बहुधा दुसऱ्या तारेचा शुद्ध नी आणि नवव्या तारेचा कोमल नी खाली आणतो. सरावासाठी ‘जी’ हा मेजर कॉर्ड तीन ठिकाणी वाजवून पाहा : तारांखालच्या तिसऱ्या रेघेवर मोकळा (पेडल न दाबता), सहाव्या रेघेवर ए पेडल आणि कोमल रे-चा लिव्हर दाबून, आणि दहाव्या रेघेवर ए व बी दाबून. हे तीन मुक्काम पक्के झाले की बाकीचे नकाशे आपोआप भरत जातात.

एक तपासणी मात्र आधी करा. डावीकडून पहिले पेडल प-ची तार चढवते की सा-ची, ते पाहा. प चढला तर मांडणी एमन्स पद्धतीची, म्हणजे ए-बी-सी, आहे. सा-ही चढला तर ती जिमी डे यांच्या पद्धतीची, म्हणजे सी-बी-ए अशी उलटी, आहे. दोन्ही पद्धतींत नाणावलेले वादक झाले आहेत, त्यामुळे जी आहे तीच शिकावी.

प्रश्न : मी फेंडर कंपनीची आठ तारांची, चार पेडलांची जुनी ‘फोर हंड्रेड’ विकत घेतली. तिच्यावर नॅशव्हिलची ई नाइन्थ बसवता येईल का? शिकवण्या सगळ्या त्याच जुळणीच्या मिळतात. (डॅलस, टेक्सास)

उत्तर : बसवता येईल, पण पूर्ण नाही. त्यात वाद्याच्या स्वभावाविरुद्ध थोडे जावे लागेल.

सोपा मार्ग असा, की वरच्या उत्तरातल्या दहा तारांपैकी पहिल्या दोन सोडून द्याव्यात. उरलेल्या आठ, म्हणजे ग, सा, प, ग, रे, सा, कोमल नी, प, आपल्या आठ तारांवर तंतोतंत बसतात. पहिली तीन पेडले ए, बी, सी यांना द्यावीत आणि चौथे पेडल सा-चा नी करण्यासाठी ठेवावे, कारण मूळ वाद्याला गुडघ्याचे लिव्हर नाहीत. या गिटारीत पेडलांपासून तारांपर्यंत सळ्यांऐवजी पोलादी केबल जातात आणि त्या आकड्यांनी अडकवलेल्या असतात, म्हणून ही फेरजुळणी एका दुपारी घरी बसून होते. ही सोय त्या काळच्या इतर गिटारींत क्वचितच होती.

अडचण वेगळीच आहे. या रचनेत तार किती चढावी आणि किती उतरावी, याचे अटकाव घोडीपाशी असतात, प्रत्येक तारेला चढण्याचा एक आणि उतरण्याचा एक. म्हणजे सा-ची एकच तार एका पेडलाने रे-पर्यंत आणि दुसऱ्याने कोमल रे-पर्यंत न्यायची म्हटली तर जमत नाही. नंतरच्या सळ्यांच्या गिटारींत हे सहज होते आणि आजच्या शिकवण्या ते गृहीत धरतात. म्हणून त्या शिकवण्यांतले निम्मे-अधिक आपल्याला वाजवता येईल आणि उरलेल्यापाशी आपण अडाल.

मी आपल्या जागी असतो तर आधी वर्षभर दुसरा रस्ता धरला असता. ‘फ्लाइंग बुरिटो ब्रदर्स’ या अमेरिकन बँडमधले स्नीकी पीट क्लाइनो याच जातीच्या फेंडरवर ‘बी सिक्स्थ’ जुळणी वाजवत, आणि त्यांचे वादन नॅशव्हिलच्या कोणाहीसारखे वाटत नाही त्यामागे ही जुळणी आणि हे वाद्य दोन्ही आहेत. या गिटारीला दुसऱ्या गिटारीची नक्कल करायला लावली की तिची मर्यादा ऐकू येते, आणि तिच्या कलाने वाजवले की तिचा आवाज ऐकू येतो.

प्रश्न : माझ्या दहा तारांच्या गिटारीची तिसरी तार दर आठपंधरा दिवसांनी तुटते. ०.०११ इंचाची वापरतो. जाड तार लावली तर टिकेल का? (मडगाव)

उत्तर : नाही. हा गैरसमज इतका सार्वत्रिक आहे की हिशेब मांडूनच सांगतो.

आपल्या गिटारीत घोडीपासून मेरूपर्यंतचे अंतर २४ इंचांच्या आसपास असणार. त्या लांबीवर ०.०११ इंचाची साधी पोलादी तार जी शार्पला, म्हणजे सुमारे ४१५ हर्ट्झला, लावली तर तिच्यावर साधारण १२.५ किलोचा ताण येतो. बी पेडल दाबले की ती प्रमाण मानलेल्या ४४० हर्ट्झच्या ‘ए’पर्यंत जाते आणि ताण सुमारे १४ किलो होतो. आता तार जाड घेतली तर तिची ताकद वाढते हे खरे, पण तिचे वजनही त्याच प्रमाणात वाढते, आणि तोच सूर मिळवण्यासाठी ताणही त्याच प्रमाणात वाढवावा लागतो. परिणामी पोलादाच्या दर चौरस मिलिमीटरवरचा भार होता तेवढाच राहतो. तार तुटण्याच्या किती जवळ आहे हे तिच्या जाडीवर जवळजवळ अवलंबून नसते, ते सूर आणि लांबी या दोनच गोष्टी ठरवतात. लांबी २४ ऐवजी २५ इंच असेल तर भार आठ-साडेआठ टक्क्यांनी वाढतो, आणि सबंध गिटार अर्ध्या स्वराने उतरवली तर तो सुमारे ११ टक्क्यांनी कमी होतो. या वाद्याची लांबी साध्या गिटारपेक्षा आखूड ठेवण्याची रीत का पडली असावी, तेही यावरून लक्षात येईल.

तर मग तार तुटते कुठे, ते पाहा. बहुतेक वेळा ती घोडीच्या ठिकाणी तुटते, जिथे ती हलत्या ‘बोटा’च्या गोलाईवरून वळते. पेडल दर वेळी दाबले की तार त्याच जागी किंचित वाकते आणि सरळ होते, आणि बोटावर वर्षानुवर्षांच्या वापराने बारीक खाच पडलेली असेल तर ती खाच सुरीचे काम करते. तार काढून बोटाचा माथा अत्यंत बारीक पॉलिश कागदाने, तारेच्याच दिशेने, गुळगुळीत करून घ्या. आडवे घासू नका. दुसऱ्या टोकाला मेरूवरची फिरकी मोकळी फिरते का हेही तपासा. ती अडकली असेल तर पेडल सोडल्यावर सूर मूळ जागी येत नाही आणि मग आपण खुंटी पिळत बसता, त्यानेही तार शिणते. समुद्रकाठच्या हवेत तार गंजते, त्यामुळे वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसणे आलेच. एवढे करूनही तिसरी तार इतरांपेक्षा लवकर जाणार हे धरून चला. बहुतेक वादक ती तुटण्याची वाट न पाहता बदलून टाकतात.

आपल्या पत्रात सहाव्या तारेचाही उल्लेख आहे : ‘गुंडाळीची ०.०२२ लावली तर लिव्हरने ग-चा रे होत नाही, अर्ध्यातच अडते.’ तिथे मात्र तारेचा प्रकार बदलल्याने खरोखर फरक पडतो. गुंडाळीच्या तारेत सगळा ताण आतल्या बारीक गाभ्यावर असतो, तो आधीच खूप ताणलेला असतो, त्यामुळे घोडीच्या तेवढ्याच हालचालीने तिचा सूर कमी बदलतो. ०.०२०ची साधी तार लावली की तेवढ्याच हालचालीत पूर्ण स्वर उतरतो. आवाज जरा अधिक टणक होतो, तो सोसावा लागेल. जुन्या यंत्रणेत हालचाल मोजकीच असते.

प्रश्न : मी हिंदुस्थानी कंठसंगीत शिकलेला आहे आणि आता पेडल स्टील शिकतो. ट्यूनरवर सगळ्या तारांचा काटा मध्यावर आणला तरी कॉर्ड बेसूर लागतो. शिक्षकांनी ग-ची तार १४ सेंट खाली ठेवायला सांगितली. हे योग्य आहे का, आणि रे कुठे ठेवावा? (न्यू जर्सी)

उत्तर : शिक्षकांचे म्हणणे योग्य आहे, आणि आपला कानही योग्य आहे. तानपुऱ्यातून जो स्वयंभू गांधार ऐकू येतो तोच इथे हवा आहे. ट्यूनर पियानोचे समान अंतरांचे सप्तक दाखवतो, त्यातला शुद्ध ग सा-शी ५:४ या प्रमाणात असलेल्या ग-पेक्षा जवळजवळ १४ सेंटने (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा असतो. हार्मोनियमवर आपण तो चालवून घेतो, कारण तिचा आवाज वेगळा आहे. पेडल स्टीलचे सूर दीर्घ असतात, अनेक तारा एकत्र वाजतात, आणि त्या चढेपणाची आंदोलने लपत नाहीत.

आता पेडलांचा हिशेब करू. बी पेडलाने येणारा म सा-शी ४:३ ठेवला तर तो ट्यूनरच्या काट्यापेक्षा फक्त २ सेंट खाली येतो. ए पेडलाने येणारा ध या म-चा गांधार म्हणून वाजतो, म्हणून तो सा-शी ५:३ हवा, म्हणजे काट्यापेक्षा सुमारे १६ सेंट खाली. इथपर्यंत सगळे आनंदाचे आहे. पेच रे-पाशी येतो.

रे प-च्या कॉर्डमध्ये, म्हणजे प-नी-रे असा, वाजवायचा असेल तर तो प-चा पंचम हवा, सा-शी ९:८, काट्यापेक्षा ४ सेंट वर. पण ए आणि बी पेडले दाबून रे-म-ध असा मायनर कॉर्ड वाजवायचा असेल तर ध त्या रे-चा पंचम ठरतो, आणि आपण ध आधीच १६ सेंट खाली बांधला आहे. मग रे सा-शी १०:९ हवा, काट्यापेक्षा सुमारे १८ सेंट खाली. दोन रे-मध्ये जवळजवळ २२ सेंटचे अंतर पडले, ८१:८० एवढे. हे अंतर आपल्या परंपरेला नवे नाही. नाट्यशास्त्रात भरतमुनींनी दोन सारख्या लावलेल्या वीणा घेऊन एकीचा पंचम जेवढा उतरवायला सांगितला आहे त्या प्रमाणश्रुतीचे गणित आजचे अनेक अभ्यासक असेच मांडतात, आणि षड्जग्रामातला तीन श्रुतींचा ऋषभ व चार श्रुतींचा ऋषभ यांतला भेद हाच. गायक राग पाहून रे बदलतो. दहा तारांच्या वाद्यावर रे-ची तार एकदा लावली की ती तशीच राहते, मग गाणे मध्येच कोणत्याही कॉर्डवर जावो.

यातून वाटा तीन निघाल्या. काही वादक रे मध्यावर, दोन्ही ठिकाणी थोडा थोडा खोटा, ठेवतात. काही जण आपण कोणता कॉर्ड जास्त वाजवतो ते पाहून एकीकडे झुकतात. आणि काही गिटारींवर ए पेडलाला एक जास्तीची सळी जोडून रे-ची तार किंचित उतरवतात, तिला ‘कॉम्पेन्सेटर’ म्हणतात. जुन्या गिटारीत अशी सळी घालायला जागा असतेच असे नाही. आपण गाणारे आहात, म्हणून मी दुसरी वाट सुचवतो : रे प-शी जुळवा, आणि मायनर कॉर्ड आला की दांडीला अलगद कंप द्या. दांडी सरळ रेघेवर खिळून नसतेच, आणि त्या कंपातच सगळे वादक असले हिशेब लपवतात.

एक गोष्ट राहिली. सगळे सूर असे खाली आले की पियानो असलेल्या मेळात आपण एकंदर उतरलेले वाटाल. म्हणून अनेक वादक सा-च ट्यूनरच्या काट्यापेक्षा किंचित चढा ठेवतात आणि बाकीचे सूर त्याच्याशी बांधतात, म्हणजे चूक वर-खाली वाटली जाते.

प्रश्न : जुन्या हिंदी चित्रपटगीतांच्या वाद्यवादनाच्या तबकड्यांत जी घसरत जाणारी गिटार ऐकू येते ती पेडल स्टीलच का? (नागपूर)

उत्तर : नाही. व्हॅन शिपले आणि हजारा सिंग यांच्या तबकड्यांनी आपल्याकडे लोकप्रिय केलेली ती विजेवरची हवाईयन गिटार, बिनपेडलांची. तिच्यावरची मींड दांडी सरकवून येते, त्यामुळे दांडीखालच्या सगळ्या तारा एकत्र सरकतात. पेडल स्टीलमध्ये शेजारची तार स्थिर असताना एकच तार सरकते, आणि कान या एका खुणेवरून दोन्ही वाद्ये वेगळी ओळखतो. आपल्याकडचे संगीत एका सुरावर उभे, त्यामुळे पेडलांची गरज इथे फारशी कोणाला भासली नाही.

प्रश्न : बारा तारांच्या ‘युनिव्हर्सल’ गिटारीत दोन मानांच्या गिटारीचे काम होते असे विक्रेता म्हणतो. हे खरे का? (बंगळूर)

उत्तर : बरेचसे खरे. दोन मानांच्या, म्हणजे तारांचे दोन वेगळे संच असलेल्या, गिटारीत बाहेरची मान ई नाइन्थची आणि आपल्या जवळची ‘सी सिक्स्थ’ची असते, तिच्यावर जॅझ आणि वेस्टर्न स्विंग वाजवतात. आता ई नाइन्थमध्ये लिव्हरने सा-चा शुद्ध नी केला तर उरतात प, नी, रे, ग. हाच प-चा सिक्स्थ कॉर्ड, म्हणजे बी सिक्स्थ, सी सिक्स्थच्या फक्त अर्धा स्वर खाली. लिव्हर दाबून धरला किंवा अडकवून ठेवला की दुसरी मान हाती येते. ही कल्पना मला फार आवडते. हरवते ते एवढेच, की नवव्या जागी कोमल नी-ची तार नसते, तिथे प असतो आणि तो कोमल नी-पर्यंत चढवायला एक लिव्हर खर्ची पडतो.

प्रश्न : माझ्याकडे १९६०च्या दशकातली एमन्स ‘पुश-पुल’ आहे. दुरुस्ती करणारा म्हणतो की आतली यंत्रणा काढून आधुनिक ‘ऑल-पुल’ बसवा, जुळवणे सोपे होईल. (मेलबर्न)

उत्तर : कृपया असे करू नका. ऑल-पुलमध्ये प्रत्येक बदललेला सूर टोकाच्या नायलॉनच्या चकतीवर स्वतंत्रपणे लावता येतो, हे सोपे आहेच. पुश-पुलमध्ये मोकळा, चढवलेला आणि उतरवलेला सूर ठरावीक क्रमानेच लावावे लागतात. तो क्रम न पाळल्यामुळे एका मित्राच्या गिटारीची मी स्वतः पार वाट लावली होती आणि ती सावरायला आख्खी संध्याकाळ गेली. पण त्या यंत्रणेत तारेखालचे बोट थेट घट्ट अटकावाला टेकते, आणि लोक या गिटारीच्या आवाजावर जीव टाकतात त्याचे श्रेय बहुतेक वादक यालाच देतात. ते काढल्यावर उरेल ती सुंदर पेटी.

दुरुस्ती करणाऱ्याला त्याऐवजी एक काम सांगा. ट्यूनर लावून आठव्या तारेचा सा मोकळा वाजवा, आणि तो वाजत असतानाच ए आणि बी पेडले दाबा. ती दोन्ही पेडले या तारेला हात लावत नाहीत, तरी काटा काही सेंट खाली सरकेल, कारण वाढलेल्या ताणाने लाकडी सांगाडा किंचित वाकतो. दोनतीन सेंट खाली गेला तर काहीही करू नका. दहाच्या घरात गेला तर सांगाड्याला घोडी आणि टोकाच्या पट्ट्या जोडणारे स्क्रू आधी तपासून घ्या, आणि पेडलांचा दांडा पुढच्या पायांना घट्ट बसला आहे का तेही पाहा.